बोटाखालची ओळ

सोपानराव ऑफिसात आले की आधी स्वतःच्या टेबलावरचा मॉनिटर बंद करायचे. “उगाच कुणासाठी जाळायचा?” म्हणायचे. काचबिंदूने त्यांची दृष्टी चाळिशीतच गेली होती. त्या स्क्रीनवर एकेक बटण बसवण्यात मी आठ महिने घालवले होते आणि हा माणूस रोज सकाळी माझ्यादेखत ती विझवून टाकायचा.

चिंचवडच्या आमच्या छोट्या कंपनीत एका ब्रेल छापखान्यासाठी सॉफ्टवेअर बनत होतं. त्यावर मराठी ब्रेल पुस्तकांचं संपादन व्हायचं होतं. काय कुठे असेल, कुठली कळ काय करेल हे ठरवणं माझं काम. ते वापरून चुका सांगणं सोपानरावांचं. संगणकाला जोडलेल्या पट्टीवर ब्रेलचे ठिपके वर यायचे, ते बोटाने वाचायचे. माणूस मूळचा चाकणचा. पूर्वी तिथल्याच एका कारखान्यात तयार पार्ट तपासायला होते, ब्रेल शिकले ते डोळे गेल्यावर. मला ‘साहेब’ म्हणायचे आणि चूक मात्र साहेबाचीच काढायचे.

स्पष्टच सांगतो, मी त्यांच्यावर जळायचो. जेवणाच्या सुट्टीत सगळे त्यांच्याच टेबलाभोवती. आमच्या मालकीणबाई, म्हणजे मॅडम, माझं काम बघायच्या आधीच विचारायच्या, “सोपानराव काय म्हणतात?” डिझाइनची पदवी माझी, पिंपळे सौदागरहून ट्रॅफिकमध्ये सडत यायचो मी, आणि शब्द चालायचा त्यांचा. एखाद्या दिवशी ते आले नाहीत की मला बरं वाटायचं. मग दिवसभर त्यांनाच काहीतरी विचारायचं अडून राहायचं, त्याचा वेगळा संताप.

माझ्या डिझाइनमधली मला सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे एक अक्षर वाढवलं की अख्खा परिच्छेद लगेच नव्याने जुळून यायचा. स्क्रीनवर फार देखणं दिसायचं ते. सोपानरावांनी पहिल्यांदा एक शब्द दुरुस्त केला आणि पट्टीवरून हात उचलला.

“साहेब, माणूस जेवाया बसल्यावर त्याचं ताट वढता व्हय तुमी?”

मला कळेना. त्यांनी माझं बोट धरून पट्टीवर ठेवलं आणि दुसऱ्या हाताने एक अक्षर घातलं. बोटाखालचे ठिपके सुळकन बदलले. “तुमी नजर टाकून जागा हुडकाल. आमची नजर पेरभर, हितंच हाय. वाचणारा म्हणंल तवा हलवा. तवर बोटाखालची ओळ हलवायची न्हाई.”

“बघू,” मी तुटकपणे म्हणालो. त्याच आठवड्यात कुणाला न सांगता तसं करून टाकलं.

पुढे छापखान्याची मंडळी बघायला आली. पुढच्या आवृत्तीची सगळी जबाबदारी कुणाकडे द्यायची हे मॅडम त्याच दिवशी ठरवणार होत्या आणि मला ती हवी होती, अगदी जिवापाड हवी होती. छापखान्यातले एक वयस्कर अंध मुद्रितशोधक बराच वेळ पट्टीवर बोटं फिरवत बसले. मग म्हणाले, “ओळ जागेवर थांबवायचं हे कुणाला सुचलं?”

सोपानराव माझ्या शेजारच्याच खुर्चीत होते.

“मला,” मी म्हणालो.

मग सोपानरावच बोलले. “व्हय. साहेबाचंच डोकं हाय त्ये.”

बाहेर आल्यावर ते चार शब्द सुनावतील म्हणून मी तयार होतो. त्यांनी विचारलं, “चा आला का हो?” एवढंच. जबाबदारी मला मिळाली. आता तरी जळफळाट थांबावा, तर तो वाढलाच. चोरलेली वस्तू मालकानेच आपल्या खिशात नीट घालून द्यावी, तसं झालं होतं. काही महिन्यांनी काम संपलं आणि सोपानराव कंपनी सोडून गेले. मी एकदाही फोन केला नाही.

गेल्या वर्षी ते वारल्याचं कळलं तेव्हा चाकणला त्यांच्या घरी गेलो. दहा-बारा माणसं बसली होती. मी नाव सांगितलं तशी त्यांच्या बायकोने मान वर केली.

“तुमीच व्हय ओळ थांबवणारं साहेब? लई सांगायचे तुमचं. म्हणायचे, आमच्या साहेबाला डोळं असून दिसतं.” मग शेजारी बसलेल्या बाईला म्हणाल्या, “आंधळ्या माणसांसाठी ह्यांनीच केलं बग त्ये.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं काय ते सांगायचं तर याच क्षणी सांगायचं होतं.

“हो वहिनी,” मी म्हणालो, “मीच केलं.”