क्लॅरिनेटचा दात

माझे दात एकेक करून गेले तेव्हा मी कधी रडले नाही. कवळी बसवली आणि भाकरी आमटीत कुस्करून खायला लागले. पण आमच्या ह्यांचा वरचा पुढचा दात दुखायला लागला, तेव्हा घरात कोणी मरायला टेकल्यासारखी कळा आली.

ह्यांचा सगळा जन्म लग्नाच्या बँडमध्ये गेला. हे क्लॅरिनेट वाजवतात. त्याचं जे टोक तोंडात धरतात त्यावर वरचे पुढचे दोन दात टेकवावे लागतात आणि खालचा ओठ दातांवर दुमडून घ्यावा लागतो. सगळं वाद्य त्या दोन दातांवर उभं असतं. त्यातला एक गेला की फुंकर भलतीकडे जाते. आता बँडमध्ये गाडीवर स्पीकर आणि बेंजो असतो, म्हातारा क्लॅरिनेटवाला कोणाला नको आहे. पण बँडच्या मालकाला पाठवणीला ह्यांचंच क्लॅरिनेट लागतं. बेंजोवर कोणी रडत नाही, असं त्याचं म्हणणं. तेवढी एक पाठवणी ह्यांच्याकडे उरली होती, आणि ती त्या दातावर टेकलेली होती.

तो दात करडा पडून बरीच वर्षं झाली होती. एका वरातीत नाचणाऱ्या पोराचं कोपर क्लॅरिनेटला लागलं आणि ते टोक ह्यांच्या तोंडात बसलं. ओठ फुटला. ह्यांनी रक्त पुसलं आणि गाणं पूर्ण केलं. नंतर कधी दुखलं नाही, म्हणून दात बरा आहे असं आम्ही धरून चाललो.

दुखायला लागल्यावर मी लवंगेचं तेल लावून बघितलं, मिठाचं पाणी दिलं. हिरडीवर एक पुळी आली. ती फुटली की दुखणं थांबायचं, भरली की पुन्हा सुरू. मी दवाखान्याचं नाव काढलं की हे म्हणायचे, "ते काढून टाकतील." त्यात आमच्याकडे अशी समजूत की वरचा दात काढला की नजर जाते. माझी सासू सांगायची, शेजारीण सांगते. मीही ते खरंच धरून होते. म्हणजे दात गेला तर वाजवणं जाणार आणि वर डोळेही जाणार, असा हिशोब करून हे गप्प बसले. शेवटी ओठ सुजून नाकाला लागला तेव्हा मी हाताला धरून नेलं.

बिबवेवाडीत आमच्या घराजवळच मेडिकलच्या वर दाताचा दवाखाना आहे. डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. तिने दाताचा फोटो काढून पडद्यावर दाखवला. मुळाच्या टोकाशी काळा डाग होता.

"काका, दात आतून मेलाय. आत पू झालाय."

"म्हणजे काढणार," हे म्हणाले.

"कशाला काढायचा? मूळ चांगलं आहे. आतली नस साफ करून भरून टाकू. रूट कॅनाल."

मी विचारलं, "आणि नजर?"

"काकू, दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. माझ्याकडे इतके दात काढले जातात, सगळेजण आपापले जिना उतरून घरी जातात."

उत्तर मला पटलं. मग तिने ह्यांना विचारलं, कधी मार लागला होता का? हे म्हणाले, आठवत नाही. काम काय करता? हे म्हणाले, "रिटायर्ड."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे असंच सांगतात. बँडवाला म्हटलं की लग्नात सगळ्यात शेवटी पान मिळतं आणि तेही मागच्या दाराला. लेकीचं स्थळ बघायला गेलो तिथेही ह्यांनी खाजगी नोकरी आहे म्हणून सांगितलं होतं. परक्या माणसापुढे नवऱ्याला खोटं पाडायचं नाही एवढं मला कळतं.

रूट कॅनाल म्हणजे काय ते मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून सगळं बघितलं. ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी सांगते. दुखतं ते इंजेक्शन. हिरडीत सुई जाते तेव्हा माणूस खुर्चीचे हात घट्ट धरतो. त्यानंतर ओठ दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखा होतो. मग तोंडावर एक रबराचा पडदा ताणून बसवतात, त्यातून तेवढा एकच दात बाहेर काढतात, म्हणजे औषध घशात जात नाही. पुढच्या दाताला मागच्या बाजूने भोक पाडतात, समोरून काही दिसत नाही. त्या भोकातून केसासारख्या बारीक सुया घालून आतला सडलेला भाग खरवडून काढतात. औषधाचा उग्र वास येतो. मशीन घरघर करतं. बाकी काही नाही. आमचे हे तर घोरायला लागले. दुखण्यामुळे कित्येक रात्री झोप नव्हती, ती तिथे काढली. डॉक्टरीण म्हणाली, "काका, तोंड उघडं ठेवून घोरलात तर बरं होईल."

पू होता म्हणून एका खेपेत काम झालं नाही. तिने आत औषध घालून वरून कच्चं सिमेंट भरलं आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं. सांगितलं की बधिरपणा जाईपर्यंत काही खाऊ नका, ओठ चावला जाईल आणि कळणारही नाही. दोन-चार दिवस दाबल्यावर ठणका लागेल, ते साहजिक आहे. गोळ्या मध्येच सोडू नका. त्या दाताने काही चावू नका. सूज वाढली किंवा ताप आला तर लगेच या.

घरी आल्यावर ह्यांनी चहा पिऊन बघितलाच, अर्धा शर्टावर सांडला. दोन दिवस मऊ भात आणि वरण दिलं. ठणका होता, पण आधीच्या मानाने काहीच नाही. मग सूज उतरली. हे आरशात दात बघून खूश झाले. आणि मी भाजी आणायला गेले असताना क्लॅरिनेट बाहेर काढून गॅलरीत बसले.

मी आले तेव्हा ओठावर हात धरून बसले होते. सिमेंट निघून तोंडात आलं होतं. संध्याकाळपर्यंत पुन्हा सूज.

"वाजवलंत ना?"

"ती म्हणाली चावू नका. मी कुठे काय चावलं?"

"लाकूड चावलंत."

"लाकूड नसतं ते. एबोनाइट असतं, कडक रबर."

"मग एबोनाइट चावलंत. उठा."

दवाखान्यात डॉक्टरीण विचारात पडली. काही कडक खाल्लं का? नाही. पडलात का? नाही. ती म्हणाली, "काका, हा दात आतून पोकळ आहे आत्ता. यावर पुन्हा असा जोर आला तर मुळातून तुटेल. मग मात्र काढावाच लागेल."

ह्यांचा चेहरा पडला. तेव्हा मीच बोलले. "हे बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. ते इथेच टेकतं. पाठवणीला लागतं, म्हणून सराव करत होते."

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांना चारचौघांत उघडं केलं. डॉक्टरीण हातातलं हत्यार खाली ठेवून म्हणाली, "अहो काका! हे पहिल्या दिवशी सांगायचं ना. मी दातावर वरून साधी कॅप बसवणार होते, एवढा भार येणार माहीत असतं तर आधीच वेगळा विचार केला असता. आता कॅप बसेपर्यंत फुंकर नाही. आणि त्या दिवशी ते घेऊन या."

"काय?"

"क्लॅरिनेट."

मधले दिवस वाईट गेले. हे रोज सकाळी पेटी उघडायचे, तुकडे जोडायचे, पुसायचे आणि न फुंकता नुसती बोटं चालवायचे. घरभर चाव्यांचा टकटक आवाज. आयुष्यभर मी क्लॅरिनेटच्या आवाजाच्या नावाने ओरडले, पण ही टकटक त्याहून नको झाली. मालकाचा फोन आला की या वेळेला पाठवणी की-बोर्डवर भागवतो, काका आराम करा. हे "हो हो" म्हणाले आणि जेवायला बसले नाहीत. मी भात झाकून ठेवला. समजूत घालणं मला जमत नाही.

दात आतून पक्का भरून झाला. मग कॅपसाठी माप घेतलं. भिजवलेल्या पिठासारखं थंड काहीतरी तोंडात धरावं लागतं, त्याने उमासा येतो. नाकाने श्वास घ्या म्हणतात, ते खरं आहे.

कॅपच्या दिवशी हे पेटी मांडीवर घेऊन बाकावर बसले. डॉक्टरणीने कॅप नुसती ठेवून बघितली आणि म्हणाली, आता ते टोक धरा. ह्यांनी धरलं.

"कॅपचा दात आधी लागतोय," हे म्हणाले.

तिने रंगाचा कागद मध्ये ठेवून खूण घेतली, कॅप काढून घासली, पुन्हा बसवली. "आता?" "अजून थोडा." पुन्हा घासली. कितीतरी वेळ चाललं. बाहेर लोक खोळंबले होते. मला वाटलं ती कंटाळेल, पण तीच मान वाकवून बघत होती.

"वाजवा," ती म्हणाली.

"इथे?"

"मग काय, बाहेरचे लोक तासभर मशीनची घरघर ऐकतायत."

पहिला सूर कोंबडी धरल्यासारखा आला. बाहेर कोणीतरी हसलं. ह्यांनी ओठ ओला केला आणि पुन्हा फुंकलं. मग एक लांब सूर आला, सरळ.

"परकं वाटतंय," हे म्हणाले. "दाताला काही कळत नाही असं वाटतं."

"काका, ती नस केव्हाच मेली होती. इतकी वर्षं तुम्ही मेलेल्या दातावरच वाजवत होतात."

ह्यांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं. मग तिने कॅप पक्की बसवली. क्लॅरिनेटच्या टोकावर रबराची पातळ चकती लावायला सांगितली, आणि आठवडाभर हळू घ्यायला.

पुढच्या महिन्यात कोथरूडच्या एका कार्यालयात पाठवणी होती. मालकाने बोलावलं, पण की-बोर्डवाल्यालाही उभं केलं. कितीतरी वर्षांनी मीही गेले आणि बँडच्या टेम्पोपाशी उभी राहिले. ह्यांनी सुरू केलं. मुलगी आईच्या गळ्यात पडली. अर्ध्यावर ह्यांचा ओठ थकला, सूर हलला, आणि त्यांनी क्लॅरिनेट खाली घेतलं. की-बोर्डवाल्याने पुढचं उचललं. थोडं थांबून हे पुन्हा मिसळले आणि शेवटपर्यंत राहिले.

मालक म्हणाला, "काका, पुढच्या वेळी सगळं घ्या."

बसमध्ये ह्यांनी सांगितलं की दात काही बोलत नाही, ओठच आळशी झालाय. डॉक्टरीण म्हणाली होती की याला वेळ लागतो. आता रोज सकाळी गॅलरीत बसून लांब सूर लावतात. परवा शेजारीण म्हणाली, "अहो, काकांना सांगा ना, सकाळी सकाळी काय हे." मी म्हटलं, "मालकाला सगळी पाठवणी हवी आहे. तुम्ही खिडकी लावून घ्या."