होआला आलेली मागणी

माझ्या वहिनीला, किमलानला, जळायला काडी लागत नाही. लुकांग गावातल्या आमच्या गल्लीत आमचं मासळीच्या गोळ्यांच्या सूपचं दुकान आहे, आणि बरोबर समोर स्यूखिमचं. तेही त्याच सूपचं. स्यूखिमने दारावर नवं लाल कापड लावलं की आठवड्याच्या आत आमचंही लाल होतं. तिच्याकडे कुणी दुसरा वाडगा मागितला की इकडे आमची पळी पातेल्यावर आपटते. दोघी एकाच देवळात समुद्राच्या देवीला, माझूआईला जातात, पण एकीची पाठ वळल्याशिवाय दुसरी उंबरठा ओलांडत नाही.

गेल्या वसंतात सुक्या मासळीवाल्या तेंग म्हातारीच्या मांजरीला पिल्लं झाली. त्यातलं पांढरं पिल्लू स्यूखिमने उचलून गोंजारलं, एवढंच कुणीतरी वहिनीच्या कानावर घातलं. झालं. ते पिल्लू आपल्याकडेच यायला हवं, असं तिने ठरवून टाकलं.

"घरात दोन आहेत की," मी म्हटलं.

"दोनाचे तीन झाले तर तुमचं काय जातं, वन्सं? तुमच्या ताटातलं थोडंच खाणार आहे?"

दोनांपैकी एक काळी म्हातारी मांजर. तिला ऐकू येत नाही, त्यामुळे ती सुखात आहे. दुसरा होआ, म्हणजे वाघ्या. पिवळ्या पट्ट्यांचा दांडगा बोका. माझा भाऊ वारला त्या हिवाळ्यात तो आपणहून दारातून आत आला आणि भावाच्या खुर्चीत जाऊन बसला. तेव्हापासून सकाळी त्याच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय वहिनी चूल पेटवत नाही.

आमच्याकडे मांजर असंच उचलून आणत नाहीत. मुलीला घालतात तशी मागणी घालतात. पंचांगात दिवसांना प्राण्यांची नावं असतात, त्यातला वाघाचा दिवस टाळायचा, मिठाची पुडी आणि सुक्या माशांची माळ लाल कागदात बांधून पिल्लाच्या आईपुढे ठेवायची, पिल्लू कापडी पिशवीत घालून घरी आणायचं आणि चुलीच्या देवापुढे त्याचं डोकं टेकवायचं. वहिनीने यातलं काही म्हणजे काही सोडलं नाही. माळ ओवताना होआ शेजारीच बसला होता. त्याने पंजा पुढे केला तशी तिने त्याला चापट मारली.

"हात लावू नकोस. नवरीचं आहे ते."

होआने एकदा माळेकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि तो तांदळाच्या पिंपावर जाऊन बसला.

पिल्लू आलं. बीआ त्याचं नाव, म्हणजे तांदूळ. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. वहिनी पिल्लू मुद्दाम दारात घेऊन उभी राहायची, समोरून नीट दिसेल असं. होआने आधी बीआच्या टोपलीत मुतून ठेवलं. मग भावाच्या खुर्चीत पिल्लू झोपलेलं दिसल्यावर त्याने असा आवाज काढला की गिऱ्हाईकाच्या हातातला चमचा पडला. वहिनीने झाडू उगारला. होआ शांतपणे उतरला, रस्ता ओलांडला आणि स्यूखिमच्या गल्ल्याशेजारी जाऊन बसला.

"भूक लागली की येईल," वहिनी म्हणाली.

तो आला नाही. समोर त्याला ताजा मासा मिळत होता आणि तोही काटे काढून. वहिनीचं सूप खारट व्हायला लागलं. गोळे वळता वळता तिची मान सारखी दाराकडे.

"बघा, बघा, त्याची मान खाजवतेय ती. त्याला मान खाजवलेली आवडत नाही."

"आवडतंय की. डोळे मिटलेत त्याने."

"तुम्ही कुणाच्या बाजूच्या आहात, वन्सं?"

मग एका सकाळी स्यूखिम आमच्या दारात उभी राहिली. अंगावर देवळात जायचा झगा, हातात लाल कागदातलं बोचकं. दुकानात गिऱ्हाइकं होती. तिने बोचकं टेबलावर ठेवलं. आत मीठ होतं आणि माशांची माळ. मासे आमच्या माळेतल्यांपेक्षा चांगले बोटभर मोठे.

"होआला मागायला आलेय," ती म्हणाली. "दिवस चांगला बघून आलेय."

वहिनीचा चेहरा पांढरा पडला. अशी मागणी ठेवून घेतली की मांजर गेलं, मग त्याच्या नावाने हाक मारायचीही सोय नाही.

"तो आमचा आहे," ती कशीबशी म्हणाली.

"तू त्याला कुणाकडून मागून आणलंस?"

होआ आपणहून आला होता. त्याच्यासाठी कुणी मीठ दिलं नव्हतं, मासा दिला नव्हता.

"मग तो अजून कुणाचाच नाही," स्यूखिम म्हणाली. "पांढरीला तू वाजतगाजत आणलंस. मी काही बोलले नाही. उद्या उत्तर दे."

ती गेल्यावर वहिनी चुलीपाशी बसून रडली. भाऊ गेला तेव्हा चारचौघांत रडली नव्हती, ती गिऱ्हाइकांसमोर रडली.

"माझं जळणंच मला नडलं, वन्सं. ती ते पांढरं पिल्लू नेईल म्हणून मी धावले. आणि तो गेला."

"मग बीआ देऊन टाक तिला. होआ परत घे."

"वेड लागलंय का तुम्हाला?" डोळे पुसत ती म्हणाली. अशी आमची वहिनी.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः बाजारातून मासे निवडून आणले, माळ ओवली, मिठासकट लाल कागदात बांधली आणि दोन्ही बोचकी घेऊन रस्ता ओलांडला. त्या दुकानात ती आयुष्यात पहिल्यांदा शिरत होती. मी मागे होतेच. तिने स्यूखिमचं बोचकं परत केलं आणि आपलं पुढे ठेवलं.

"आज तो तुझ्या घरात राहतो, म्हणून तुझ्याकडे मागतेय," ती म्हणाली. "तेव्हा मागायचा राहिला होता."

होआ स्यूखिमच्या मांडीवर होता. तिचा हात त्याच्या पाठीवरून फिरत राहिला. तिला नवरा नाही, मूल नाही. दुकान बंद केलं की तिच्या घरातून ताटलीचासुद्धा आवाज येत नाही. मग तिने मिठाची पुडी जवळ ओढली.

"देते. पण दुपारी तो इथे येणार. आणि तो इथे असेल तेव्हा तू दारात उभी राहून बघायचं नाहीस. माझं सगळं तू बघतेस, किमलान. एवढं बघू नकोस."

वहिनीने मान डोलावली आणि होआला पिशवीत घातलं.

तिने शब्द पाळलाय. दुपारी होआ रस्ता ओलांडून गेला की ती आतल्या बाजूला भिंतीकडे तोंड करून गोळे वळत बसते. गोळे वाकडेतिकडे होतात.

"वन्सं, काय करतोय तो?"

"झोपलाय," मी सांगते.

तो स्यूखिमच्या हातून मासा खात असतो आणि ती त्याच्याशी काहीतरी बोलत असते. ते मी सांगत नाही.