धाब्यासाठी पांढरी माती

माझे थोरले भाऊ, दादा, चैत्रात वारले. त्या दिवशी मी बडनेऱ्याच्या पुढे रुळाखालच्या एका मोरीच्या कामावर होतो. निरोप आला. मी अमरावतीला पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. दादांना मुलगा नव्हता, म्हणून अग्नी मी दिला. त्यांच्या नव्या घराच्या भिंती उभ्या होत्या. वरचे धाबे व्हायचे होते.

मी तेव्हा आगगाडीच्या लायनीवर ओव्हरसियर होतो. साहेब कागदावर रेघ काढतो. ती रेघ जमिनीवर बरोबर उतरली की नाही, हे पाहतो तो ओव्हरसियर. भराव, खोदाई, मोऱ्या हे माझे काम. घर मी कधी बांधले नव्हते. पण तेराव्याची जेवणे उरकली, माणसे पांगली, आणि माय म्हणाली, "सदा, हे घर आता तुह्यावरच हाय."

थोडे मागचे सांगतो. अमेरिकेत लढाई लागली आणि तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला. गिरण्यांना आमच्या वऱ्हाडच्या कापसाची आठवण झाली. भाव चढला. ज्याच्याकडे काळी जमीन होती त्याने त्या वर्षांत काही ना काही केले. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीची शेंबी बसवली, कोणी मुलीचे लग्न हत्ती आणून लावले. दादांनी जुने घर पाडून नवे काढले. तोवर राहायला म्हणून परसात पऱ्हाटीच्या कुडाची झोपडी घातली. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या काड्या. उन्हाळ्यात त्या झोपडीत राहता येत होते. पावसाळ्यात येणार नव्हते. आत माय होती, वहिनी होत्या, दादांच्या दोन लहान मुली होत्या.

गल्लीच्या टोकाला काकांचे घर होते. काका वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांनी तेराव्यालाच सांगितले होते, "सारे माह्या घरी चला. धनी गेला त्या घराचं काम पुढं नेऊ नये. एक वर्ष जाऊ द्या, मंग पाहू." हे बोलणे वाईट नव्हते. काकांना खरोखरच भीती वाटत होती, आणि त्यांच्या घरात जागाही होती.

वहिनी कुडाच्या आत बसलेल्या होत्या. आमच्याकडे नवरा गेलेली बाई काही महिने कोपरा धरते, चारचौघांत येत नाही. काका गेल्यावर त्या आतूनच बोलल्या.

"भाऊजी, एकदा तिकडं गेलो की परत येनं नाई. पाऊस भिंती पाडन. जागा काकांच्या खळ्यात जाईन. काका काई वाईट नाईत, पन असंच होते. मंग माह्या पोरी कोनाच्या घरच्या?"

मी म्हणालो, "मृगाच्या आत धाबं करतो."

आता धाबे म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. आमच्याकडची घरे कौलारू नसतात. भिंतींवर सागाच्या कड्या टाकतात, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर निंबाचा पाला, म्हणजे वाळवी लागत नाही. वर मातीचा जाड थर घालून तो चोपून घट्ट करतात. हे झाले धाबे. सगळी मेख मातीत आहे. काळी माती चालत नाही. ती पाण्याने फुगते आणि उन्हाने फाटते. धाब्याला लागते पांढरी माती, जुन्या गावठाणाची. पिढ्यान्‌पिढ्या माणसे राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या, त्या सगळ्याची मिळून ती माती होते. थोडी खारी असते. पाणी पडले की तिचा वरचा थर मिटतो आणि पाणी खाली सोडत नाही.

कड्या आणि फळ्या दादांनी घालून ठेवल्या होत्या. माती राहिली होती. आणि अमरावतीत माती उरली नव्हती. तेजीत इतकी घरे उठली होती की गावाभोवतीची पांढर लोकांनी खरवडून नेली होती.

मी कामावर परतलो आणि लायनीकडे पाहताना ती मला दिसली. रोज दिसत होती, पण मी तिच्याकडे भराव म्हणूनच पाहत होतो. आमची एक खोदाई एका रिठातून गेली होती. रीठ म्हणजे उठून गेलेले गाव. खोदाईतून निघालेली पांढरी माती लायनीच्या कडेला ढीग करून टाकलेली होती.

मी साहेबांच्या तंबूत गेलो. त्यांनी आधी दादांची चौकशी केली. मग विचारले, "छुट्टी माँगता है?"

"छुट्टी भी, साहेब. और मिट्टी."

"मिट्टी?"

मी सांगितले. ते हसले. "लायन का लकडी, लोहा, चूना, सब चोरी होता है. कोई पूछता नहीं. तुम मिट्टी के वास्ते पूछता है. ले जाओ. छुट्टी आधा दिन. सुबह काम, बाद में मिट्टी."

माती मिळाली. गाड्या मिळेनात.

खरे तर गाड्या बडनेऱ्यात उदंड होत्या. अमरावतीच्या बाजारातून कापसाचे गठ्ठे घेऊन त्या स्टेशनावर येत आणि रिकाम्या परत जात. रिकामी गाडी, जाण्याची दिशा अमरावतीची, वाटेत माझा ढीग. कागदावर याहून सोपे काम नव्हते. गाडीवानांचे मुकादम चांदभाई म्हणून होते. मेंदी लावलेली दाढी, आवाज मोठा. त्यांना मी विचारले.

"माती? कापसाच्या गाडीत?" ते बाकीच्या गाडीवानांकडे वळले. "आयका रे! ओव्हरसियर साब माती भरा म्हनून राहिले."

सगळे हसले. मी म्हणालो, "भाडं पुरं देतो."

"भाड्याची बातच नाई, साब. मले सांगा, कापसात माती घालून वजन वाढवनारे किती पकडले यंदा? इन्स्पेक्टर गठ्ठा फोडून पाहते. एक ढेकूळ निंगालं की अडत्या म्हनते, मी नाई, गाडीवानानं केलं. तुमची माती फळीच्या फटीत राहीन. उद्या त्याच गाडीत कापूस. मंग माहे बैल कोन सोडवीन? तुमचा साहेब?"

त्यांचे म्हणणे बरोबर होते. तेजीत कापसात माती, सरकी, पाणी, काय वाटेल ते मिसळले जाई, आणि त्यासाठी सरकारने तपासणारे नेमले होते. माती लागलेली गाडी अडत्याच्या दारात उभी करणे म्हणजे स्वतःवर आळ ओढवून घेणे होते. मी दुसऱ्या मुकादमाकडे गेलो. त्याने तेच सांगितले, फक्त कमी शब्दांत.

मी घरी येऊन मायला हे सांगत होतो, तेवढ्यात काका आले. त्यांनी ऐकून घेतले.

"अरे, मातीसाठी बडनेरा कायले पायजे? माह्या वावरातली ने ना. गाडी माही, बैल माहे, गडी माहे. उद्याच टाकतो."

काकांचा धाबे करण्याला विरोध होता. तरी ते स्वतःची माती द्यायला निघाले होते. हे मला तेव्हा नीट कळले नाही. मी ओव्हरसियरसारखा बोललो.

"काका, ती काळी आहे. उन्हाळ्यात तुमच्या वावरात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. त्याच भेगा धाब्याला पडतील."

"या मातीनं साऱ्या वऱ्हाडाले वर आनलं. हिच्यातला कापूस विलायतेले चालते, आन्‌ तुह्या धाब्याले ही माती चालत नाई?"

"कापसाला चालते म्हणूनच धाब्याला चालत नाही. तिला पाणी धरून ठेवायचं असतं."

"पुण्याले शिकून आला म्हनून काकाले माती शिकवतं काय रे?"

माय म्हणाली, "भांडू नका बापा. ती बसली हाय आत."

आतून वहिनींचा आवाज आला. "भाऊजी, गाडीले माती लागूच नाई दिली तं?"

"म्हणजे?"

आत पेटी उघडल्याचा आवाज आला. कुडाच्या दारातून कापडाचा एक तागा बाहेर ढकलला गेला, मागून दुसरा. जाडे, पांढरे, कोरे कापड. दादांनी वास्तुशांतीच्या मांडवासाठी आणून ठेवलेले.

"याची खोळ शिवा. गाडीत आंथरा, बाजूनं वर घ्या. माती खोळीत राहीन. गाडी कोरीच्या कोरी."

काका म्हणाले, "मांडवाचं कापड? मातीले? सूनबाई, हे शुभकार्याचं हाय."

"वर्षभर शुभकार्य नाई आपल्या घरी, मामंजी. वर्षानं हे उंदरं खातीन. मांडव नाई झाला तं चालन. छत पायजे."

काका उठून गेले. माय सुई शोधू लागली. दोघींनी दुसऱ्या दिवशीपर्यंत बसून गाडीच्या मापाच्या खोळी शिवल्या, दुहेरी टाक्याच्या. मोठी पुतणी दोरा ओवून देत होती. वहिनी शिवताना रडल्या असतील तर मला दिसले नाही. आमच्यामध्ये कूड होता.

चांदभाईंनी खोळ हातात घेतली. उलटी केली, टाका ओढून पाहिला, कापड उजेडात धरले.

"कपडा नवा हाय. कायचा?"

मी सांगितले.

खोळ घडी करून त्यांनी बगलेत धरली आणि गाडीवानांना हाक मारली. "आज दोन गाड्या. माल उतरवल्यावर खोळ बाहेर झटकायची, गाडी मी सोता पाहीन. एक कन दिसला तं उद्यापासून बंद." मग माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "साब, कल आपने बताया क्यों नहीं किसका घर है? मैं समझा आपला बंगला बांधून राहिले."

काल मी फक्त माती आणि भाडे सांगितले होते. कामावर आम्ही तेवढेच सांगतो.

गाड्या येऊ लागल्या. सकाळी मी लायनीवर, दुपारनंतर धाब्यावर. माती भिजवायची, पसरायची, चोपायची. मजूर कापसाच्या हमालीवर गेलेले. चोपायला माय आणि शेजारच्या बायका आल्या. धाबे सपाट दिसते, पण नसते. पाणी पन्हळीकडे जाईल इतका उतार द्यावा लागतो. जास्त दिला तर माती वाहून जाते, कमी दिला तर पाणी साचते. मी लायनीवरची लेव्हल, म्हणजे चढउतार मोजायची दुर्बीण, आणून उतार पाहिला. शेजारच्या म्हाताऱ्या आजी खालून ओरडल्या, "कावून रे सदा, आता आगगाडी घरावरून नेतं काय?" दादा गेल्यावर माय पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

स्वयंपाकघर झाले. माजघर झाले. बाळंतिणीची म्हणून दादांनी काढलेली मागची खोली झाली. मग गाड्या थांबल्या. पावसाच्या भीतीने व्यापाऱ्यांनी उरलेला कापूस एकदम हलवला आणि बडनेऱ्याची वाहतूक संपली. चांदभाईंनी शेवटची गाडी स्वतः आणली. खोळी फाटून चिंध्या झाल्या होत्या.

एक खोली उघडी राहिली, समोरची बैठक. दादांना त्या खोलीचा फार सोस होता. दारात गादी टाकून बसायचे, येणाऱ्याला बोलवायचे, मी पुण्याहून आणलेल्या पोथ्या आणि पुस्तके भिंतीतल्या फडताळात ठेवायची आणि रोज थोडे वाचून घ्यायचे, असे ते म्हणत. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हते. मी वाचायचो, ते ऐकायचे. तसे ऐकत बसण्यासाठी खोली हवी, असे त्यांच्या मनात होते.

काका आले. या वेळी त्यांनी आवाज चढवला नाही. उघड्या बैठकीकडे पाहत म्हणाले, "तेवढ्यावर तरी माही माती घे. माह्या पुतन्याचं घर हाय. माह्या हातचं काईच नसावं का त्यात?"

ती गळणार हे मला ठाऊक होते. लेव्हलने, पुस्तकाने, डोळ्याने, कशानेही पाहिले तरी गळणारच होती. मी म्हणालो, "घेतो, काका."

त्यांनी स्वतः टोपली उचलली. दिवसभर धाब्यावर उभे राहून चोपून घेतले.

मृगाच्या आधी आम्ही झोपडीतली चूल नव्या घरात नेली. वास्तुशांत नाही, वाजंत्री नाही. काका दारात अडून म्हणाले, "निदान भटाले इचारा." वहिनी कोपरा सोडून, डोक्यावर पिठाचा डबा घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पाऊस यीन म्हनून आत जाऊन राहिलो, मामंजी. वास्तू पुढच्या साली." आणि आत गेल्या.

पाऊस आला. स्वयंपाकघर, माजघर, मागची खोली कोरडी राहिली. मागच्या खोलीत एका कडीशी ओल आली, तिथली फट राखेने बुजवली. बैठकीच्या धाब्याला आधी भेगा पडल्या, मग ती गळू लागली, आणि श्रावणात समोरची भिंत बसली. आत कोणी नव्हते. काका येऊन पडलेल्या भिंतीपाशी उभे राहिले. आता ते रागावतील की रडतील, मला कळेना. ते म्हणाले, "काळीच व्हती. तू सांगत व्हता."

मी म्हणालो, "पाऊस फार झाला, काका."

पुढच्या उन्हाळ्यात बाकीच्या धाब्यावर नवा थर घालायला पांढरी माती त्यांनीच आणली. कुठून ते सांगितले नाही.

पुढे मी पुष्कळ पूल आणि पुष्कळ बंगले पाहिले. धंद्याचा म्हणून एक धडा त्या घराने दिला. जिथे माणसे झोपणार तिथे आपल्याला ठाऊक असेल तेच करावे, कोणाचेही ऐकू नये. जिथे कोणी झोपणार नाही, तिथे एखादे वेळी काकांचे ऐकावे.

आता काका नाहीत, माय नाही. मुली सासरी नांदतात. माजघरात वहिनी राहतात, आणि पेन्शन घेतल्यापासून मागच्या खोलीत मी राहतो. बैठक पुन्हा बांधली नाही. तिच्या तीन भिंती आहेत.