शेवट न बघता पाठवलेली फिल्म

सिस्टरच्या तोंडाला लागू नका, असं आमच्या डायलिसिसच्या खोलीत नव्या पेशंटला जुने पेशंट पहिल्याच दिवशी सांगून ठेवतात. ती सिस्टर मी. पाच खुर्च्या, पाच मशीन, आणि प्रत्येक खुर्चीत चार तास जखडलेला एक माणूस. एका हातात दोन सुया. एकीतून रक्त मशीनमध्ये जातं, साफ होऊन दुसरीतून परत येतं. उठायचं नाही, कूस बदलायची नाही, तो हात हलवायचा नाही, आणि हे आठवड्यातून तीनदा. अशा खोलीत गोड बोलून कामं होत नाहीत हे माझं मत आहे, आणि ते बदलायचा माझा विचार नाही.

तीन नंबरच्या खुर्चीत मास्तर बसायचे. शाळेतले नव्हेत, टेलर मास्तर. माणूस समोर आला की ते आधी त्याचे खांदे बघायचे. मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "सिस्टर, तुमचा डावा खांदा अर्धा इंच उतरलाय. बादल्या उचलता का?"

"पेशंट उचलते," मी म्हटलं. तेव्हापासून आमचं जमलं.

दुकान आता त्यांची बायको सांभाळायची, त्यामुळे त्यांच्यासोबत कुणी नसायचं. एकटे यायचे, एकटे जायचे. सुरुवातीला छताकडे बघत पडून राहायचे. एकदा म्हणाले, "तीस वर्षं दुकानातल्या पुतळ्याला कपडे चढवले. त्याला कसं वाटत असेल ते आत्ता कळतंय." सगळी खोली हसली. मलाही हसू आलं.

मग त्यांना फिल्मा सापडल्या. मोबाईलवर शिलाई मशीन दुरुस्तीचा व्हिडिओ शोधता शोधता मध्येच कापडी बाहुल्यांची एक छोटी फिल्म सुरू झाली. एक बाहुली समुद्र शिवत होती. मास्तर उठून बसायलाच निघाले, मी खेकसले तेव्हा कुठे आडवे झाले. "अहो सिस्टर, टाका बघा तिचा! हातशिलाई आहे!" खाली लिहिलं होतं, कुठल्याशा थंड देशातल्या एका बाईनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर चार वर्षं खपून ती नऊ मिनिटांची फिल्म एकटीनं केली होती. बाहुली जराशी हलवायची, फोटो काढायचा, परत हलवायची. मास्तरांनी ती परत पहिल्यापासून लावली. मग म्हणाले, "नऊ मिनिटांसाठी चार वर्षं. आणि मी चार तासांना रडतोय."

त्या दिवसापासून ते शोधतच सुटले. वाळूवर बोटांनी काढलेल्या फिल्मा, काडेपेट्यांच्या, कोळशाच्या, लोकरीच्या. कुठली शहरं, कुठली माणसं, आमच्यापैकी कुणाला त्यांची नावंसुद्धा धड वाचता यायची नाहीत. मास्तरांच्या अटी दोनच. फिल्ममध्ये बोलणं नको, कारण ती भाषा कुणाला कळणार? आणि लांबी दहा मिनिटांच्या आसपास.

दहा मिनिटांचं कारण असं. चार तास संपले की मी सुया काढते आणि त्या जागेवर कापसाची घडी ठेवते. ती दहा मिनिटं दाबून धरावी लागते, नाहीतर रक्ताची धार लागते. बाकीच्यांची घडी घरचं माणूस दाबतं. मास्तर स्वतःची स्वतःच दाबायचे. म्हणजे एक हात रक्ताचा, दुसरा तो दाबणारा, दोन्ही अडकलेले. ही दहा मिनिटं त्यांना चार तासांहून जड जायची. म्हणून ते मोबाईल ट्रॉलीवर सगळ्यांना दिसेल असा उभा करायचे, फिल्म सुरू करायचे आणि मगच म्हणायचे, "हं, काढा सुया." आणि हात अडकण्याआधी तीच फिल्म आमच्या ग्रुपवर पाठवून द्यायचे. त्या ग्रुपवर पाचही पेशंट, त्यांचे नातेवाईक आणि मी. मास्तर फिल्म आधी पाठवायचे, बघायचे नंतर. नेहमीचीच पद्धत झाली होती ती.

ग्रुपवर मास्तरांचा धाकटा भाऊही होता. दोन वर्षांपूर्वी तो त्यांना किडनी देणार होता. सगळं जुळलं होतं, तारीख ठरली होती. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्याला उठवायला मीच गेले, तर पलंग रिकामा. पठ्ठ्या हॉस्पिटलच्या कपड्यांतच पळाला होता. बाराव्या मजल्याबाहेर दोरीवर लटकून भिंती रंगवणारा माणूस, पलंगाला घाबरला. मास्तरांना मीच सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "नाडी तरी नीट बांधली होती का त्यानं?" त्यानंतर दोघांत एक शब्द नाही. पण धाकटा ग्रुप सोडून गेला नाही. फिल्म कुणी कुणी बघितली त्याची यादी मास्तर दर वेळी उघडायचे, एकच नाव शोधायचे आणि मोबाईल खिशात टाकायचे. ते नाव कायम असायचं.

त्या शुक्रवारी त्यांनी किल्लीवर चालणाऱ्या दोन अस्वलांची फिल्म निवडली होती. नऊ मिनिटं चाळीस सेकंद. एका खेळणीवाल्याच्या दुकानात थोरलं आणि धाकटं अस्वल नाचताहेत, इतकंच आम्ही बघितलं. फिल्म ग्रुपवर गेली आणि मास्तरांचं प्रेशर धाडकन उतरलं. चेहरा पांढराफटक, डोळे वर. मी त्यांचे पाय उंच केले, सलाईन सोडलं, डॉक्टरांना हाक मारली. फिल्म कधी संपली कुणालाच कळलं नाही. मास्तर अर्ध्या तासात शुद्धीवर आले आणि रिक्षानं घरी गेले.

सोमवारी मी सुया टोचत असताना त्यांनी मोकळ्या हातानं मोबाईल माझ्यापुढे धरला. धाकट्याचा निरोप होता, शनिवारचा. 'दादा, बघितली. समजलं मला. सोमवारी तुझं संपायच्या आत येतो. तपासण्या परत करू.'

"म्हणजे?" मी म्हटलं.

"म्हणजे शेवट बघा त्या फिल्मचा. मीही हा निरोप आल्यावरच बघितला."

मी बघितला. थोरल्या अस्वलाची स्प्रिंग तुटते. ते कोपऱ्यात पडून राहतं. धाकटं अस्वल खूप वेळ दाराशी उभं राहतं, मग परत येतं, स्वतःची पाठ उघडतं आणि अर्धी स्प्रिंग काढून देतं.

"देवा!" माझ्या तोंडून निघालं.

"मी टोमणा मारलाय असं वाटलं त्याला. बोलावणंच धाडलंय असं."

"उत्तर काय दिलंत?"

"दिलंच नाही." त्यांनी मान फिरवली. "सिस्टर, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. दोन दिवस मी मनातल्या मनात पाणी पितोय. तांब्यावर तांब्या. कुणी मोजत नाही."

किडनी बंद पडल्यामुळे दिवसाला जेमतेम तीन कप पाणी मिळणाऱ्या माणसाचा आनंद हा असाच असतो. माझा जीव कळवळला आणि मी नर्सनं बोलू नये ते बोलले. "मग गप्प बसा. त्याला जे वाटलं ते वाटू दे. तोंड उघडलंत तर जन्मभर याच खुर्चीत बसाल."

मी मशीन सुरू केलं. त्या दिवशीचे चार तास मला आठवले तरी गुदमरायला होतं. दुसरा कुणी असता तर उठून फेऱ्या मारल्या असत्या, बाहेर जाऊन चहा घेतला असता. मास्तरांना नखभर हलता येत नव्हतं. दाराकडे तोंड आणि हातात सुया. दार वाजलं की मशीनवरचा त्यांचा नाडीचा आकडा वर चढायचा आणि मला तो दिसायचा.

शेवटची वीस मिनिटं उरली असताना धाकटा आला. नखांत रंग, काखेत जुनीच फाईल. खुर्चीपासून चार हात लांब उभा राहिला.

"आलो, दादा."

"बस."

"नको. आधी डॉक्टरांना भेटतो. बसलो तर..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "तुझ्या सगळ्या फिल्मा बघितल्या मी. दोन वर्षं. ती विहिरीतल्या बेडकाची, ती शिडी उलटी धरणाऱ्या माणसाची. प्रत्येकीत तू मलाच काहीतरी सुनावतोयस. जेवण जायचं नाही. शेवटी ही अस्वलं. बास, म्हटलं."

मास्तर त्याच्याकडे बघतच राहिले. मग हसले, आणि हसता हसता त्यांचा आवाज फाटला. "अरे वेड्या, मी त्या मिनिटं बघून निवडायचो!"

"काय?"

मी मशीनच्या मागून मास्तरांना डोळे वटारून दाखवले. त्यांनी मला बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

"आधी पाठवायचो, मग बघायचो. हात अडकतात माझे. शुक्रवारी मला चक्कर आली, त्या अस्वलांचा शेवट मी बघितलाच नव्हता. तुला बोलवायला नव्हती पाठवली. कुठलीच नव्हती."

चार नंबरच्या आजींना ऐकू कमी येतं, पण त्याही बघत होत्या. धाकट्यानं फाईल या काखेतून त्या काखेत घेतली. "मग काय झालं. आलोय तर देतो."

"तुझे खांदे बघितले मी," मास्तर म्हणाले. "आलास तेव्हा कानाला लागले होते. आत्ता मी बोललो आणि दोन बोटं खाली आले. तीस वर्षं मापं घेतलीत, मला नको शिकवू. जा, ती फाईल घरी ठेव."

धाकटा मटकन स्टुलावर बसला आणि तोंडावर फाईल धरून रडला. मला मास्तरांचा इतका राग आला होता की मी गरज नसताना दोन बटणं दाबली. हातातोंडाशी आलेलं पाणी या माणसानं स्वतःच्या हातानं ओतून टाकलं होतं. अजूनही तो राग पूर्ण गेलेला नाही.

चार तास भरले. मास्तरांनी मोबाईल ट्रॉलीवर ठेवला आणि फिल्म लावली, कागदी पतंगांची. मी सुया काढल्या, कापसाची घडी ठेवली. मास्तरांचा दुसरा हात सवयीनं पुढे आला.

"हा हात काढ," धाकटा म्हणाला. त्यानं स्टूल ओढलं आणि घडीवर स्वतःचा अंगठा ठेवला. बाराव्या मजल्यावर दोरी धरणारा अंगठा. "एवढंच दाबायचं ना, सिस्टर?"

"जोर लावा. दहा मिनिटं," मी म्हटलं.

दोघांनी फिल्म बघितली, शेवटच्या नावांपर्यंत. या दहा मिनिटांत मास्तरांचा एक हात पहिल्यांदाच मोकळा होता. त्याचं काय करावं त्यांना कळेना. आधी मांडीवर ठेवला, मग मोबाईल उचलला आणि फिल्म ग्रुपवर पाठवली. धाकट्याच्या खिशात फोन वाजला.

"बघितली की आत्ता," तो म्हणाला.

"हो. पण ही बघून पाठवलीय."

दहा मिनिटं कधीच होऊन गेली होती. बाहेर पुढचा पेशंट खुर्चीसाठी ताटकळत होता. धाकट्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "सोडू?"

"अजून थोडं थांबा," मी म्हटलं.