कॉन्व्हेंटातली कुजबुज

चहा हातात घ्या, पण घोट घेऊ नका. ठसका लागला तं मलेच दोष द्याल! माह्या पोट्टीचं लग्न मी नुसतं कुजबुजून मोडत आणलं होतं. हाव, कुजबुजून!

आता आमची कुजबुज म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. आम्ही उमरेडचे कोष्टी. मागाच्या खटखटीत जन्मलो, खटखटीतच वाढलो. बायकोले पाणी मागायचं असलं तरी बोंब मारा लागते. शेजारच्या आळीत ऐकू नाही गेलं, का आमच्या हिशोबानं ते हळूच बोलणं झालं.

तं पोट्टीसाठी, आमच्या कमळसाठी, नागपूरच्या गांधीबागेतलं स्थळ आलं. आपल्याच जातीचे, पण कापडाचं मोठं दुकान. पोराच्या बापाचं नाव आत्मारामजी. पाहायचा कार्यक्रम नागपुरात करू म्हणे. गिरजा, म्हणजे माही बायको, म्हणाली, "माह्या भावाकडं उतरू."

"साळ्याच्या दोन खोल्यांत पोट्टी दाखवू? काहून? मी काय कमी आहो?"

नवंनवं स्वराज्य होतं, माणसाची छाती तशीच फुगलेली राहे. सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर लोक नव्या इमारतीत गेल्या होत्या, अन् लकडगंजातल्या एका सेठनं तिथं हॉटेल काढलं होतं. आम्ही तिथं उतरलो! हातहात जाड भिंती, लांबच लांब व्हरांडे. एकेका सिस्टरच्या कोठडीत पलंग अन् आरसा ठेवला का झाली हॉटेलची खोली. अन् प्रार्थनेच्या हॉलात जेवणाची टेबलं. वर पाहिलं तं टोपी पडावी इतकं उंच, घुमटासारखं छत. उमरेडात आमच्या आळीतलं कोणी असं राहिलं होतं का? सांगा ना!

मॅनेजर अदबीनं जवळ आला. म्हणाला, "साहब, हॉल में जरा धीरे बोलिएगा. आवाज गूंजती है."

मले रागच आला. "मी हळूच बोलून राहिलो ना गा!"

पलीकडच्या टेबलावरचे दोन माणसं दचकून उभे राहिले. शहरातली माणसं नाजूक राहतात, मी लक्ष नाही दिलं.

चार वाजता आत्मारामजी, त्याईची बायको अन् मुलगा त्याच हॉलात आले. कमळ चहाचा ट्रे घेऊन आली. अंगावर करवतकाठी लुगडं, मी सोता विणलेलं! काठावरच्या करवतीचा एक दात वाकडा निघाला, तं तेवढं उसवून पुन्हा विणलं होतं. पोट्टीनं खालच्या मानेनं मुलाकडं एकदा पाहिलं अन् गालातल्या गालात हसली. बापाच्या नजरेतून सुटते का ते? मी मनात म्हटलं, बस, हेच घर. आता फक्त आपण तोंड सांभाळायचं.

तेवढ्यात आत्मारामजीनं कमळच्या पदराचं टोक चिमटीत धरलं, अंगठ्यानं चोळलं अन् म्हणाले, "बाप्पा! गिरणीवाले हल्ली किती सफाईदार माल काढून राहिले!"

गिरणी! कोष्ट्याच्या तोंडावर गिरणी! थोबाडीत मारली असती तं परवडलं असतं.

पण पोट्टीकडं पाहून मी गिळलं. हसलो बी. फक्त जीव मोकळा करायले गिरजाच्या कानाशी वाकलो अन् अगदी हळू म्हटलं, "या माणसाले सुतातलं काडीचं समजत नाही वं! पोट्टं बापावर गेलं नाही, हे बरं!"

वरून छत म्हणालं, "बरं... बरं... बरं..."

कोणाचा तरी चमचा खाली पडला. वेटर ट्रे घेऊन जागच्या जागी उभा. मुलगा कपाच्या बुडाशी काय लिहिलं आहे ते वाचून राहिला. गिरजानं पदर तोंडावर घेतला. अन् कमळ? तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मी घाबरून गिरजाले पुन्हा कानातच विचारलं, "त्याईले ऐकू गेलं का वं?"

"का वं... का वं... का वं..."

दारातून मॅनेजरनं मले हात जोडले.

आत्मारामजी आपल्या बायकोच्या कानाशी वाकले. झालं, मी म्हटलं, आता उठतात अन् जातात. जन्मभर पोट्टीले काय तोंड दाखवू? पण त्याईची कुजबुज छताले लागली अन् माह्यापेक्षा मोठी होऊन खाली आली, "बाप तोंडाचा फाटका आहे, पण अस्सल विणणारा आहे! पोट्टी तं लाखात एक. हे घर सोडायचं नाही!"

मी त्याईच्याकडं पाहिलं, त्याईनं माह्याकडं.

"तुम्ही बी मागावरचे?"

"मंग! सारी जवानी खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलो. तुम्ही या हॉटेलात उतरले म्हणून ऐकलं अन् धास्तीच घेतली ना गा! म्हटलं, सोयरा साहेब झाला का काय? म्हणून मुद्दाम गिरणीचं नाव काढलं. चिडला तं आपला, हसला तं पराया. तुम्ही तं आधी हसले, पण छतानं खरं सांगून टाकलं!"

अन् मंग काय हसलो आम्ही दोघं! ते हसू छतानं किती वेळ खाली येऊ दिलं, विचारू नका.

निघताना आत्मारामजी म्हणाले, "इथल्या सिस्टर लोकाइले पांढरं कापड मीच देत होतो. या हॉलात त्या बोलतच नव्हत्या, साऱ्या खुणा करत. मले नवल वाटे. काहून ते आज समजलं!"

लग्न उमरेडले केलं, उघड्या मैदानात मांडव टाकून. व्याह्याची एकच अट होती, वर पक्कं छत नको. सारं गाव जेवलं. कमळ माह्याच मागावरच्या शालूत उभी होती. माही छाती अशी भरून आली होती का सदऱ्याच्या गुंड्या तटतट बोलून राहिल्या होत्या.

निरोपाच्या वेळी ती गळ्यात पडली. इकडं बँड जोरात वाजून राहिला होता. मी तिच्या कानाशी वाकलो अन् अगदी हळू, फक्त तिलेच ऐकू जाईल असं म्हटलं, "जा वं माय, मी काही रडून नाही राहिलो."

बँडवाले वाजवायचे थांबले.