चांदीच्या तासातलं खाडं

"माही ममता नागपूरले उजेड वळवून राह्यली," असं मथुराबाई पांढरकवड्याच्या बाजारात कुणालाही सांगायची. त्यात खोटं काही नव्हतं. चांदीच्या आरशावर काचेचा पापुद्रा, त्यावर चांदीचे ठिपके. इतके बारीक, की केसाच्या जाडीत शेकडो बसावेत. ओळीनं लहानाचे मोठे होत जाणाऱ्या त्या ठिपक्यांवर लाल उजेड पडला, की सरळ परत न येता बाजूला वळतो. किती वळतो नि किती वाया जातो, यातच ममताचा जीव अडकलेला.

बोंडअळीनं कपाशी खाल्ली, त्या हिवाळ्यात ती घरी आली. उरलंसुरलं वेचायला आईला हात हवा होता. लॅपटॉप सोबतच. नागपूरच्या प्रयोगशाळेत ठिपके कोरणाऱ्या मशिनवर तिला पाळी एकदाच मिळणार होती. संध्याकाळपर्यंत आराखडा पाठवायचा. चुकला तर वर्ष वाया.

मथुराबाई हात पुसत पडद्यापुढे वाकली.

"हे काय वं? वावरातल्या तासासारख्या ओळी, अन् दर तासाच्या शेवटी खाडं?"

"तिथं ठिपका नाही, माय. कंप्युटरनंच जागा सोडली."

"काहून? सरकी उगवली नाही तं आपण दुसरी डोबतो. असं खाडं ठेवलं तं लोक हासतीन!"

ममता हसली. पण लहानपणापासून आईमागं खाडे भरत फिरलेली पोर ती. रिकामी जागा तिलाही खुपतच होती. तिनं प्रत्येक ओळीत एकेक ठिपका डोबला.

चहा उकळेपर्यंत हिशेब आला. अर्धा उजेड सरळ परत.

"घ्या! झाला सत्यानाश!"

मथुराबाईचा चेहरा एवढासा झाला. "माह्याच्यानं बिघडलं काय वं?"

"थांब, थांब." ममता पडद्याला जवळजवळ नाक लावून बसली. "माय, कंप्युटरनं जागा कायले सोडली, हे मी कधी विचारलंच नाही. दर ठिपका उजेडाले आधीच्यापेक्षा जरा जास्त थांबवतो, अशा पायऱ्या पडतात म्हणून तो वळतो. तिथला उघडा आरसा हीच पुढची पायरी आहे! ठिपका डोबला, की पायरी मोडते."

"म्हणजे खाडंही काम करून राह्यलं?"

"बाकीच्यांएवढंच."

डोबलेले ठिपके उपटून तिनं आराखडा पाठवला.

उन्हाळ्यात ठिपके कोरलेल्या आरशाचा नखाएवढा तुकडा घेऊन ती आली. दार लोटून त्यावर लाल लेसर मारला. ठिणगीएवढा उजेड सरळ परत न येता बाजूच्या कणगीवर जाऊन बसला.

"वळला वं बाई, वळला!" मथुराबाईनं कणगीवरच हात ठेवला; उजेड तिच्या बोटांवर आला.

पेरणीनंतर ममताचा फोन आला, तेव्हा मथुराबाई ओटीत सरकी घेऊन वावरात होती.

"काय करून राह्यली, माय?"

"खाडे भरून राह्यले. अन् आयक, तुह्या उजेडाचं तुह्यापाशी. माह्या वावरात मी एकही सोडणार नाही."