मिरचीभज्याच्या तेलावरची भट्टी

१४ डिसेंबर, रविवार, सकाळी साडेदहा. भट्टीवर तोपर्यंत झालेला खर्च तीन हजार सहाशे चाळीस रुपये. हजर होते मी, माझी बायको, माझे सासरे आणि माझा साडभाऊ. सासऱ्यांना आम्ही बोलावले होते. साडभाऊ आपणहून आला होता.

माझे मोटार वाइंडिंगचे दुकान सेलूत आहे. पुढे दुकान, मागे घर आणि मधे टिनाची पडवी. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात. जुनी तार काढायची, नवी भरायची, तिला वार्निश पाजायचे आणि वाळवायचे. उन्हाळ्यात हे काम ऊनच करून टाकते. गव्हाचे ओलित सुरू झाले की मोटारी जास्त जळतात आणि नेमके तेव्हाच थंडीमुळे वार्निश वाळत नाही. मी मोठे बल्ब लावून मोटार त्यांच्या उबेत ठेवायचो. दोन दिवस जायचे, लाइन गेली तर तीन. गिऱ्हाईक दारात उभे राहून एकच विचारायचे, "झाली का?"

साडभाऊ म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याचेही हेच काम, तळेगावला, हायवेला लागून. त्याचे दुकान माझ्यानंतर सहा वर्षांनी निघाले, हे इथे नोंदवून ठेवतो.

सासऱ्यांची शेती आंजीला. त्यांना आम्ही मामाजी म्हणतो. ते जुन्या चालीचे आहेत. लेकीच्या घरचे अन्न घेत नाहीत, पाणीही घेत नाहीत. माझ्या लग्नाला एकोणीस वर्षे झाली. मामाजी सेलूला आले की दुकानाच्या ओट्यावर बसतात, पिशवीतून आपली बाटली काढतात, दोन घोट घेतात, नातवंडांच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि निघतात. सुरुवातीला बायको रडायची. मग तिने सोडून दिले. मीही सोडून दिले होते, कारण नियम सगळ्या लेकींना सारखा आहे अशी माझी समजूत होती.

दिवाळीनंतर एका रात्री बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "बाबाची मोटार जळली होती."

"मग आणली नाई?"

"तळेगावले नेली."

"तळेगावले? काऊन? सेलू जवळ पडते ना."

"त्याइच्याकडं भट्टी हाये म्हणे, जळक्या तेलाची. एका दिवसात मोटार वाळते. बाबा दोन दिवस तिथंच होते."

"दोन दिवस? कोणाकडं?"

"आता मले काय माईत? तुमीच इचारा तुमच्या साडभाऊले."

मी विचारले नाही. आठ दिवसांनी तांब्याची तार घ्यायची आहे असे सांगून तळेगावला गेलो. तार वर्ध्यातही मिळते.

साडभाऊच्या दुकानात शिरलो तर आत उन्हाळा. कोपऱ्यात एक काळी टाकी, तिच्यातून पत्र्याचे धुराडे वर गेलेले. शेजारी जुने लोखंडी कपाट. टाकीची गरम हवा नळीने त्या कपाटात सोडलेली आणि कपाटात दोन मोटारी. भट्टीजवळ खुर्ची टाकून मामाजी बसलेले. या वेळी शेजाऱ्याची मोटार घेऊन आले होते, म्हणजे आता आंजीची दुसरी गिऱ्हाइकेही इकडे वळली होती.

"या या, मोठे जवाई!" साडभाऊ ओरडला. "सेलूत लय थंडी हाये का? शेकाले आले?"

"तार पाह्यजे होती."

"बसा जवाईबापू," मामाजी म्हणाले. "गुडघ्यायले बरं वाटते इथं."

मी बसलो. भट्टीकडे बघायला आलो होतो, पण डोळे मामाजींच्या हाताकडे गेले. हातात स्टीलचा ग्लास होता आणि ग्लासात चहा. वाफ निघत होती. ते फुंकून फुंकून पीत होते.

परत येताना गाडीवर मला थंडी लागली नाही. डोक्यात तो ग्लासच होता. धाकटीचा चहा चालतो आणि मोठीच्या घरचे पाणी चालत नाही. बायकोला मी ग्लासाचे काही सांगितले नाही. फक्त सांगितले, आपणही भट्टी करू.

भंगारातून पंक्चरवाल्याची जुनी हवेची टाकी आणली. तिच्या तळाशी ट्रकचा ब्रेक ड्रम ठेवला. तेल त्याच्यात थेंब थेंब पडणार आणि तिथेच जळणार. वर टांगलेल्या तेलाच्या डब्यातून येणारी फ्रीजची तांब्याची नळी, थेंब कमीजास्त करायला एक कॉक, हवा मारायला छोटा ब्लोअर. धुराडे साडभाऊच्या धुराड्यापेक्षा दोन फूट उंच केले. वार्निशचे डबे पडवीतून काढून पार समोरच्या खोलीत नेले, कारण आग आणि वार्निश एका जागी नको. मिनिटाला किती थेंब, तासाला किती तेल, दिवसाला किती, हे सगळे मी आधी काढले. साडभाऊ कचोरीवाल्याकडून तेल विकत घेतो. आमच्या रस्त्यापलीकडे मिरचीभज्याची गाडी लागते. तिचा मालक जळके तेल नालीत ओतायचा, तो मला फुकट द्यायला तयार झाला. माझी भट्टी साडभाऊच्या भट्टीपेक्षा स्वस्त पडणार होती. हा हिशेब मी बायकोला दोनदा वाचून दाखवला.

फोनवर साडभाऊने एक सांगितले होते. "भाऊ, तेल आठ दिवस हलवू नका. गाळ खाली बसू द्या, मंग वरचं वरचं घ्या, फडक्यातनं गाळून."

मला वाटले, हा मला आठ दिवस मागे ठेवायला बघून राह्यला. आठ दिवस थांबायला वेळ नव्हता, कारण शुक्रवारी मामाजींची नाल्यावरची मोटार जळली. त्यांनी तळेगावला फोन केला. साडभाऊ रविवारी पिकअप घेऊन आंजीला जाणार होता. हे कळल्यावर बायकोने बापाला फोन लावला.

"बाबा, इथं बी भट्टी झाली हाये. रविवारी पेटवून राह्यलो. मोटार इकडं आणा."

मामाजींनी मधला मार्ग काढला. रविवारी साडभाऊची पिकअप माझ्या दारात उभी राहिली. पुढे ते दोघे, मागे जळालेली मोटार. मामाजी खाली उतरले आणि म्हणाले, "भट्टी पेटली तं इथंच उतरवू. नाई पेटली तं तळेगाव."

साडभाऊ हसला. त्याने मोटारीची दोरीसुद्धा सोडली नाही.

ब्रेक ड्रममध्ये रॉकेलचा बोळा पेटवला. ड्रम तापल्यावर कॉक सोडला. पहिले थेंब पडले, पिवळी ज्योत उठली, ब्लोअरने ती निळसर झाली. टाकी तापू लागली. मामाजींनी दोन्ही हात पुढे केले. मी साडभाऊकडे पाहिले. तो धुराड्याकडे बघत होता.

"उंची बरी घेतली," तो म्हणाला. मला फार बरे वाटले.

पाच मिनिटांत थेंब थांबले. मी कॉक आणखी उघडला. काही नाही. पूर्ण उघडला.

"गाळ अडकला," साडभाऊ म्हणाला. "कॉक बंद करा पयले."

मी बंद केला नाही. टाकीचे झाकण उचलले आणि नळीत तार घातली. अडकलेला सगळा गाळ एकदम तापलेल्या ड्रममध्ये पडला. महिनाभराच्या मिरच्यांचे बी, साली आणि बेसन. ब्लोअर चालूच होता. झाकण माझ्या हातात होते. धूर धुराड्यातून न जाता सरळ आमच्या तोंडावर आला.

घरात मिरचीची फोडणी करपते तेव्हा काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. हे त्याच्या शंभरपट. मी झाकण टाकून बाहेर पळालो. साडभाऊ शिंकत शिंकत भिंतीला धरून आला. रस्त्यापलीकडचा भजेवालाही खोकत होता आणि त्याच्या गिऱ्हाइकांनी हातातल्या प्लेटा खाली ठेवल्या. मामाजी सगळ्यांत मागे राहिले. बायकोने त्यांना दंडाला धरून ओट्यावर आणून बसवले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, श्वास मिळत नव्हता. त्यांची बाटली पिकअपमध्ये होती. बायको आत धावली आणि ग्लास भरून आणला.

"बाबा, घ्या."

त्यांनी घेतला. डोळे मिटलेले, दोन्ही हातांनी धरून, अर्धा ग्लास एका दमात प्याले. मग थांबले. ग्लासाकडे बघितले. मग लेकीकडे.

बायको पदर तोंडावर धरून उभी होती, आणि तो धुरासाठी नव्हता.

मामाजींनी उरलेले अर्धेही पिऊन टाकले. "अजून हाये का?"

ती आत गेली ती दोन ग्लास घेऊनच आली. एक त्यांनी घेतला. दुसरा साडभाऊने हात पुढे करून घेतला, पण प्याला नाही.

"मामाजी, हे नाई चालत," तो म्हणाला. डोळ्यांतून पाणी गळत होते, ते कशाचे कोण जाणे. "माह्याकडं दोन दिवस राह्यले. तुमची लेक डबा घेऊन आली, तुमी वापस धाडला. घरात पाय टाकला नाई, दुकानातल्या बाकावर झोपले. चहा पेले तं टपरीवरचा, सोताच्या ग्लासात, सोताच्या पैशानं. आन् इथं मोठीच्या हातचं पाणी?"

"अरे, जीव जाऊन राह्यला होता माहा."

"मंग मी बी उद्यापासून मिरचीचंच तेल जाळतो!"

मामाजी इतके हसले की पुन्हा ठसका लागला.

तो ग्लास त्यांचा स्वतःचा होता तर. महिनाभर मी ज्याच्यावर जळत होतो ते काही नव्हतेच. मला आनंद झाला, आणि साडभाऊचे पडलेले तोंड बघून जास्त झाला. तो आनंद फार वेळ टिकला नाही. पाणी मामाजींनी लेकीच्या हातून घेतले होते, माझ्या भट्टीत त्याचे श्रेय घेण्यासारखे काही नव्हते.

साडभाऊने पिकअपमधून एक डबा काढला. वरचे वरचे काढलेले, गाळलेले, स्वच्छ तेल. सोबत घेऊनच आला होता. नळी त्याने स्वतः उघडून साफ केली. दुपारी भट्टी नीट पेटली. तेलाचे पैसे मी दोनदा पुढे केले, त्याने दोन्ही वेळा माझ्या खिशात परत कोंबले. "मोठे जवाई, राहू द्या," म्हणाला. अजून तो डबा मला टोचतो.

"मोटार उतरवा," मामाजींनी सांगितले. "पाणी पेलो इथलं. आता तळेगावले कोणत्या तोंडानं नेऊ?"

बुधवारी मोटार तयार झाली. मामाजी न्यायला आले, पडवीत भट्टीजवळ बसले. बायकोने न विचारता चहा आणून ठेवला. त्यांनी बराच वेळ कपाकडे पाहिले आणि मग घेतला. उठताना बंडीच्या खिशातून पैसे काढले. मोटारीचे दोन हजार आठशे मला दिले. पाण्याचे आणि चहाचे म्हणून वीस रुपये लेकीच्या हातावर ठेवले, आणि तिची मूठ स्वतःच्या हाताने मिटली.